चांगला पाव ओळखायचा कसा?

टेक्सासमधली मेक्सिकन बेकरी आणि बार्बेक्यूचे साधे हॉटेल : दोन ठिकाणचा पाव आणि त्यातून मिळणारे आरोग्याचे धडे

मेक्सिकन बेकरीत शिरल्यावर काउंटरवर जाऊन पाव मागायचा नसतो. दाराजवळ मोठ्या थाळ्यांची चळत असते आणि शेजारी चिमटे. एका हातात थाळी, दुसऱ्या हातात चिमटा घ्यायचा आणि काचेच्या कपाटांमधून हवा तो पाव स्वतः उचलायचा. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात सॅन अँटोनिओ, ह्यूस्टन, डॅलस अशा शहरांत या बेकऱ्या जागोजागी आहेत. स्पॅनिशमध्ये त्यांना ‘पानादेरिया’ म्हणतात. ‘पान’ म्हणजे पाव. आपला ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि या दोन्ही शब्दांचे मूळ एकच, लॅटिन. त्या अर्थाने वडापावातला पाव आणि पानादेरियातला पाव हे चुलत भाऊच म्हणायचे.

टेक्सासमध्ये मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. मुलामुलींकडे चार-सहा महिने राहायला जाणारे आईवडीलही बरेच असतात. सुपरमार्केटमधल्या गोडसर, लिबलिबीत ब्रेडला कंटाळलेल्या माणसाच्या हाती असा ताजा, कुरकुरीत पाव आला की पावभाजीचा बेत ठरतोच. शनिवार-रविवारी मुले हौसेने बार्बेक्यू खायला घेऊन जातात. तिथे मांसाबरोबर पांढऱ्या ब्रेडच्या स्लाइस येतात. मग नेहमीचा प्रश्न पुढे येतो. साखरेचा त्रास आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. यातला कोणता पाव चालेल? चांगला पाव म्हणजे नेमका कोणता?

प्रश्न साधा दिसतो, पण त्याची उत्तरे तीन आहेत. पाव चवीला चांगला असू शकतो, खाणाऱ्याच्या प्रकृतीला चांगला असू शकतो आणि साऱ्या समाजाच्या दृष्टीने चांगला असू शकतो. हे तिन्ही गुण एकाच पावात असतील असे नाही.

हात, नाक आणि घड्याळ

मेक्सिकोचा रोजचा पाव म्हणजे ‘बोलियो’. वीतभर लांब, दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये फुगीर आणि वर एक उभी चीर. त्याचाच चपटा भाऊ ‘तेलेरा’. त्यावर दोन खाचा असतात आणि तो ‘तोर्ता’ नावाच्या सँडविचसाठी वापरतात. मेक्सिको मुळात मक्याचा देश; गहू तिथे सोळाव्या शतकात स्पॅनिशांबरोबर पोहोचला. तिथे पहिल्यांदा गहू पेरल्याचे श्रेय हुआन गारिदो या आफ्रिकेत जन्मलेल्या शिपायाला दिले जाते. १५३८ मध्ये स्पेनच्या राजाला केलेल्या अर्जात त्याने स्वतःच तसा दावा केला आहे.

जुन्या पद्धतीच्या बोलियोत मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढेच मुख्य असते. साखर आणि स्निग्ध पदार्थ अगदी थोडे किंवा नसतातच. म्हणून तो फार टिकत नाही. सकाळी कुरकुरीत असलेला बोलियो संध्याकाळपर्यंत चिवट होतो. गिऱ्हाइकाला हा दोष वाटतो, पण हीच त्याच्या साधेपणाची खूण आहे. चार दिवस तसाच मऊ राहणाऱ्या पावात तो मऊ ठेवणारे काहीतरी घातलेले असते.

चांगला बोलियो ओळखायला आधी हात लावावा लागतो. चिमट्याने हलकेच दाबला की वरच्या पापुद्र्याचा चरचर आवाज आला पाहिजे. भट्टीत सुरुवातीला वाफ असली की पावाची वरची कड लवकर वाळत नाही आणि पाव मोकळेपणाने फुगतो. नंतर कोरड्या उष्णतेत पिठातली साखर आणि प्रथिने यांची रासायनिक क्रिया होते. तांबूस रंग आणि खमंग वास त्यातूनच येतात. फिकट, मऊ कडेचा पाव बहुधा घाईत काढलेला असतो. दुसरी परीक्षा वजनाची. चांगला पाव आकाराच्या मानाने हलका लागतो. तिसरी परीक्षा मोडल्यावर होते. आतली भोके लहानमोठी असावीत आणि बोटाने दाबलेला भाग पुन्हा वर यावा. आतला भाग कापसासारखा एकसारखा असेल आणि टाळूला चिकटत असेल, तर पिठाला फुगायला पुरेसा वेळ मिळालेला नाही असे समजावे.

मग नाक. चांगल्या पावाला गव्हाचा वास येतो आणि त्यात किंचित आंबूसपणा असतो. इडलीच्या पिठासारखेच पावाचे पीठही सावकाश आंबले की चव वाढते. कोंड्यासकट दळलेल्या पिठात या संथ आंबवण्याचा आणखी एक फायदा असतो. कोंड्यातले फायटिक आम्ल लोह आणि जस्त धरून ठेवते. पीठ आंबताना ते काही प्रमाणात फुटते आणि ही खनिजे शरीराला जास्त मिळतात. मैद्यात कोंडाच नसल्याने तिथे हा लाभ थोडा, पण चवीचा लाभ पुरेपूर.

राहिले घड्याळ. पानादेरियातला सगळ्यात उपयोगी प्रश्न म्हणजे ‘आ के ओरा साले एल पान?’, पाव किती वाजता निघतो? अनेक बेकऱ्यांत पहाटे एक घाणा निघतो आणि दुपारी दुसरा. त्या वेळेला गेलेल्या माणसाला साध्या बेकरीतही उत्तम पाव मिळतो. वेळ चुकली तर नावाजलेल्या बेकरीतही शिळाच पदरी पडतो. घरी नेताना कागदी पिशवी बरी. प्लास्टिकमध्ये पावाची वाफ कोंडते आणि कड मऊ पडते. उरलेला पाव फ्रिजमध्ये ठेवण्याची सवय मात्र सोडावी. पाव शिळा होतो तो केवळ वाळल्यामुळे नाही. भाजताना मोकळे झालेले स्टार्चचे रेणू पुन्हा घट्ट रचले जातात म्हणून. फ्रिजच्या थंडीत हे सर्वांत वेगाने घडते. फ्रीझरमध्ये गोठवलेला पाव मात्र चांगला राहतो. खाताना पाण्याचा हबका मारून गरम ओव्हनमध्ये ठेवला की कुरकुरीतपणा बराचसा परत येतो.

शाकाहारी मंडळींनी आणखी एक गोष्ट विचारावी. काही पावांत आणि बऱ्याच गोड पावांत ‘मांतेका’ घालतात. हा शब्द डुकराच्या चरबीसाठीही वापरतात आणि वनस्पती तुपासाठीही. त्यामुळे कोणती मांतेका, हे विचारून घेतलेले बरे. वर शिंपल्यासारखी साखरेची नक्षी असलेला ‘कोंचा’ दिसायला देखणा असतो, पण तो पाव नव्हे, मिठाई आहे. मधुमेह असलेल्याने त्याचा हिशेब जिलेबीच्या खात्यात धरावा.

मेक्सिकन घरांत एक समजूत आहे. मोठा धक्का बसला, माणूस घाबरला, की त्याला बोलियो खायला द्यायचा. पाव भीती घालवतो याला वैद्यकीय आधार नाही. पण घाबरलेल्या माणसाला खाली बसवून कुणीतरी हातात खायला देते, यातला दिलासा खोटा कसा म्हणावा? ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी चक्रीवादळाने ह्यूस्टन बुडाले, तेव्हा ‘एल बोलियो’ याच नावाच्या बेकरीतले काही कामगार पुरामुळे दोन दिवस आत अडकून पडले. रिकामे बसण्याऐवजी ते पाव भाजत राहिले. पाणी ओसरेपर्यंत ४,००० पौंडांहून अधिक पीठ संपले होते आणि तो सगळा पाव पूरग्रस्तांना वाटला गेला.

कागदावरचा पांढरा ब्रेड

सॅन अँटोनिओच्या ईशान्येला शंभरेक किलोमीटरवर लॉकहार्ट नावाचे छोटे गाव आहे. टेक्सासच्या प्रतिनिधिगृहाने १९९९ मध्ये त्याला राज्याची बार्बेक्यू राजधानी म्हणून मान दिला. इथला बार्बेक्यू सुरू झाला तो जर्मन आणि चेक स्थलांतरितांच्या मांसाच्या दुकानांतून. न विकले गेलेले मांस लाकडाच्या धुरावर शिजवायचे आणि खाटकाच्या जाड कागदात बांधून शेतमजुरांना विकायचे, असा तो व्यवहार होता. बसून खायची पद्धत नव्हती आणि काटे-चमचेही नव्हते. दुकानातच किराणा असे; त्यातली बिस्किटे, कांदा, लोणचे आणि ब्रेड घेऊन लोक तिथेच जेवत. लॉकहार्टमधल्या १९०० साली सुरू झालेल्या ‘क्रॉइत्झ मार्केट’ने सॉस आणि काटे न देण्याची रीत अनेक दशके पाळली.

ब्रेडची स्लाइस म्हणजे इथे ताट, चमचा आणि रुमाल असे सगळे एकात. ती चौकोनी, पांढरी, मऊ आणि बेचव असते. बोलियोच्या चारही परीक्षांत ती नापास होईल. पण तिच्याकडून अपेक्षाच वेगळी आहे. धुराने माखलेल्या, मीठ-मिरी लावलेल्या मांसाचा रस टिपणे आणि तिखट-खारट चव सौम्य करणे एवढेच तिचे काम. म्हणून बार्बेक्यूच्या हॉटेलात ब्रेडची पारख करताना दोनच गोष्टी पाहाव्यात. स्लाइसच्या कडा वाळलेल्या नसाव्यात आणि ती आत्ता फोडलेल्या पाकिटातली असावी. काही ठिकाणी स्वतः भाजलेला पाव किंवा हाताने लाटलेले गव्हाचे टॉर्टिया मिळतात. फळ्यावर तसे लिहिलेले नसले तरी विचारायला हरकत नाही.

या साध्या स्लाइसमागचा व्यापार मात्र साधा नाही. यंत्राने कापलेला ब्रेड पहिल्यांदा विक्रीला आला तो १९२८ मध्ये, मिसूरी राज्यातल्या चिलिकॉथी गावात. टेक्सासमध्ये घरोघरी पोहोचलेला ‘मिसेस बेअर्ड्‌स’ ब्रेड १९०८ मध्ये फोर्ट वर्थ इथे निनी बेअर्ड या बाईंनी सुरू केला. १९९८ मध्ये तो व्यवसाय मेक्सिकोच्या ‘बिंबो’ कंपनीने विकत घेतला. म्हणजे टेक्सासच्या बार्बेक्यूबरोबरचा हा अस्सल अमेरिकी वाटणारा ब्रेडही आता मेक्सिकन मालकीचा आहे. याच बिंबोने २०२१ मध्ये भारतातली ‘मॉडर्न’ ब्रेडची कंपनी घेतली. एकेकाळी सरकारी मालकीचा असलेला मॉडर्न ब्रेड आजारपणात चहाबरोबर खाल्लेल्या पिढीला हे नाते ऐकून गंमत वाटेल.

रक्तातली साखर चव पाहत नाही

आता दुसरा प्रश्न, प्रकृतीचा. पदार्थ खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वेगाने वाढते याचे माप म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स. शुद्ध ग्लुकोज १०० धरले तर पांढऱ्या ब्रेडचा आकडा सरासरी ७५ येतो. बारीक दळलेल्या गव्हाच्या ब्राऊन ब्रेडचा किती? ७४. फरक जवळजवळ नाहीच. ब्राऊन ब्रेडमध्ये तंतुमय पदार्थ जास्त असतात, हा त्याचा फायदा खरा; पण ‘ब्राऊन आहे, मग कितीही चालेल’ हा समज मधुमेही माणसाला महागात पडतो. मक्याच्या टॉर्टियाचा आकडा ४६ आणि आपल्या चपातीचा साधारण ५२ आहे.

आकड्याइतकेच महत्त्व मापाला. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये १३ ते १५ ग्रॅम कर्बोदके असतात. मोठ्या बोलियोत ती ५० ग्रॅमपर्यंत जातात, म्हणजे तीन-चार स्लाइसइतकी. हाताला हलका लागलेला पाव रक्तातल्या साखरेला हलका नसतो. यावर मेक्सिकन घरांतच एक सोपा उपाय आहे. तोर्ता करण्यापूर्वी पाव उभा चिरून आतला मऊ गर काढून टाकतात. चव आणि कुरकुरीतपणा कडेत असतो, तो राहतो. पिठाचा बराच भाग कमी होतो. पावभाजीच्या पावालाही ही युक्ती लागू पडते.

खाण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात २०१५ मध्ये ११ मधुमेही रुग्णांवर एक छोटा प्रयोग झाला. त्यांना तेच जेवण दोनदा दिले : एकदा पाव आणि संत्र्याचा रस आधी, एकदा चिकन आणि भाज्या आधी. पाव शेवटी खाल्ला त्या दिवशी जेवणानंतरची साखर बरीच कमी चढली. प्रयोग लहान होता, पण नंतरच्या अभ्यासांतही कल तसाच दिसला आहे. बार्बेक्यूच्या टेबलावर याचा अर्थ सरळ आहे. आधी कोबीची कोशिंबीर, शिजवलेला घेवडा, हवे तर मांसाचे दोन तुकडे आणि ब्रेड शेवटी. रिकाम्या पोटी, मांस येण्याची वाट पाहत ब्रेड चघळणे हा सर्वांत वाईट क्रम.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. नावाजलेल्या बार्बेक्यू हॉटेलांपुढे तास-दोन तासांची रांग असते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन किंवा इन्सुलिन टोचून अशा रांगेत उभे राहिलेल्या माणसाची साखर एकदम खाली येऊ शकते. हात थरथरणे, घाम फुटणे, डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड किंवा भ्रमिष्टासारखे बोलणे ही तिची लक्षणे. अशा वेळी ब्रेड नव्हे, तर लगेच १५ ग्रॅम साखर म्हणजे तीन चमचे, ग्लुकोज किंवा अर्धा कप फळांचा रस द्यावा. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावा. साखर वर आली की मग ब्रेडची स्लाइस खावी, म्हणजे ती टिकून राहते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी. ‘आज पाव सोडला’ म्हणून नुसत्या मांसावर राहणाऱ्यांनीही आपली औषधे लक्षात घेऊनच तसे करावे.

रक्तदाबाच्या रुग्णांनी मिठाकडे पाहावे. ब्रेड खारट लागत नाही, तरी एका स्लाइसमध्ये साधारण १०० ते २०० मिलिग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दिवसाची मर्यादा २,००० मिलिग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅम मीठ. चार स्लाइस, वर लोणचे, सॉस आणि मीठ चोळलेले मांस, एवढ्यात ती संपते. सॉसेज, हॅम यांसारखे प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक असल्याचे याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये जाहीर केले आहे. त्यामुळे बार्बेक्यू हे सणावारी खायचे अन्न ठरवले, तर स्लाइसचा वाद बराचसा आपोआप मिटतो.

पिठात काय आहे?

तिसरे उत्तर सर्वांत महत्त्वाचे, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टेक्साससह अमेरिकेच्या दक्षिण भागात ‘पेलाग्रा’ नावाच्या आजाराने थैमान घातले होते. उन्हात राहणाऱ्या कातडीवर चट्टे, जुलाब, मग वेडसरपणा आणि मृत्यू असा त्याचा क्रम. रुग्ण बहुतेक गरीब आणि त्यांचे मुख्य अन्न मका. हा संसर्ग असावा असे तेव्हाच्या डॉक्टरांना वाटे. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून केलेल्या कामातून तो निकृष्ट आहाराचा आजार असल्याचे दाखवून दिले. पुढे १९३७ मध्ये निकोटिनिक आम्ल, म्हणजे एक ‘ब’ जीवनसत्त्व, हे त्यावरचे औषध ठरले.

मग शतकानुशतके मकाच खाणाऱ्या मेक्सिकोत हा आजार का पसरला नाही? याचे उत्तर चुन्यात आहे. तिथे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून मग वाटतात. मक्यात अडकून पडलेले हे जीवनसत्त्व त्यामुळे मोकळे होते. युरोप आणि अमेरिकेने मका घेतला, पण त्यामागची ही जुनी रीत घेतली नाही. आपल्याकडेही पेलाग्रा होता. दख्खनच्या पठारावर प्रामुख्याने ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत तो दिसे. हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्युसीन या घटकाशी जोडला.

अमेरिकेने १९४० च्या दशकात मैद्यात आणि ब्रेडमध्ये लोह आणि ‘ब’ जीवनसत्त्वे घालायला सुरुवात केली. निकोटिनिक आम्ल हे नाव ऐकून लोकांना ब्रेडमध्ये तंबाखू असल्याचा संशय येऊ लागला, म्हणून त्याचे ‘नायसिन’ असे नवे नाव रूढ केले गेले. इतर कारणांबरोबर या ब्रेडचाही हातभार लागून पेलाग्रा तिथून हटला. बेचव म्हणून हिणवलेली स्लाइस या कामी उपयोगी पडली होती.

त्यानंतरची गोष्ट टेक्सासच्या अगदी दक्षिण टोकाची. मेक्सिकोच्या सीमेवरच्या ब्राऊन्सव्हिल शहरात एप्रिल १९९१ मध्ये ३६ तासांत तीन बाळे मेंदूची आणि कवटीची वाढ न होता जन्मली. अशी बाळे जगत नाहीत. डॉक्टर आणि परिचारिकांनी नोंदी तपासल्या, तेव्हा त्या भागात असे जन्म नेहमीपेक्षा जास्त होत असल्याचे दिसले. पहिला संशय सीमेपलीकडच्या कारखान्यांच्या प्रदूषणावर गेला. एकच एक कारण सिद्ध झाले नाही. पुढच्या संशोधनात दोन धागे मात्र पुढे आले. एक, आईच्या शरीरात फॉलिक आम्लाची कमतरता. दुसरा, मक्यावरच्या बुरशीतून येणारे फ्युमोनिसिन नावाचे विष, जे पेशींना फॉलिक आम्ल घेण्यात अडथळा आणते.

त्याच १९९१ साली ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष आला. आधी असे बाळ झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेआधीपासून फॉलिक आम्ल घेतले तर पुन्हा तसे होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी होतो. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून बनतात ती नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते. तोवर अनेक स्त्रियांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. गोळी सुरू करेपर्यंत वेळ टळून गेलेली असते. म्हणून अमेरिकेने जानेवारी १९९८ पासून पोषक घटक मिसळलेल्या मैद्यात दर १०० ग्रॅमला १४० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घालणे सक्तीचे केले. यामुळे दर वर्षी सुमारे १,३०० बाळे या व्यंगापासून वाचतात, असा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे.

पण हा नियम गव्हाच्या ब्रेडला होता. चुनवलेल्या मक्याच्या पिठाला नव्हता. ज्या घरांत टॉर्टिया मक्याचे, त्या घरांपर्यंत तो लाभ पुरेसा पोहोचला नाही. मेक्सिकन वंशाच्या स्त्रियांमध्ये हे व्यंग जास्त दिसत राहिले. मक्याच्या पिठात फॉलिक आम्ल घालायला परवानगी मिळाली २०१६ मध्ये, म्हणजे १८ वर्षांनी, आणि तीही ऐच्छिक. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये कायदा करून १ जानेवारी २०२६ पासून ते सक्तीचे केले.

म्हणजे साखरेच्या हिशेबात मक्याचा टॉर्टिया पांढऱ्या स्लाइसपेक्षा उजवा. पण होणाऱ्या आईच्या हिशेबात तीच स्लाइस वर्षानुवर्षे पुढे होती. महागडा, हाताने घडवलेला पाव साध्या, काहीही न मिसळलेल्या पिठाचा असेल, तर त्यातही फॉलिक आम्ल नसते. याचा अर्थ पिठात घातलेले सगळेच चांगले, असाही नाही. पाव अधिक फुगावा म्हणून वापरले जाणारे पोटॅशियम ब्रोमेट कर्करोगाच्या शक्यतेमुळे भारताने २०१६ मध्ये बंद केले. अमेरिकेत देशव्यापी बंदी अजून नाही. म्हणून तिथे पाकिटावर ‘अनब्रोमेटेड’ शब्द शोधावा, बेकरीत विचारावे.

घरी परतल्यावर

भारतात गव्हाच्या पिठात फॉलिक आम्ल घालण्याची सक्ती नाही. ज्या पाकिटावर ‘+एफ’ हे इंग्रजी अक्षरातले निळे चिन्ह असते, त्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ मिसळलेले असते. कोपऱ्यावरच्या बेकरीतला पाव मात्र बहुधा साध्या मैद्याचाच असतो. तो कितीही खमंग असला, भट्टीतून आत्ताच निघालेला असला, तरी त्याच्यावर विसंबून चालत नाही. पालेभाज्या, कडधान्ये आणि संत्री यांतून नैसर्गिक फोलेट मिळते, पण गर्भधारणेच्या काळात तेवढे पुरेलच याची खात्री नसते.

म्हणून पाव निवडताना तीन प्रश्न विचारावेत. तो कधी भाजला? मी तो किती आणि कशाबरोबर खाणार आहे? आणि पीठ कोणते? पहिल्याचे उत्तर हाताला आणि नाकाला कळते. दुसऱ्याचे उत्तर ग्लुकोमीटर देतो. नवा पाव खाल्ल्यावर दोन तासांनी साखर तपासली की तो आपल्याला किती मानवतो ते कळते. तिसऱ्याचे उत्तर पाकिटावर वाचावे लागते किंवा बेकरीवाल्याला विचारावे लागते.

घरात मूल होण्याचा विचार करणारी मुलगी किंवा सून असेल, तर तिच्यासाठी पावाची चर्चा एवढ्यावर थांबवू नये. गर्भधारणेच्या किमान एक महिना आधीपासून पहिले तीन महिने पूर्ण होईपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची गोळी घ्यावी. आधीच्या बाळात मेंदूचे किंवा कण्याचे व्यंग असेल, तर दहापट मात्रा लागते आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावी. ही गोळी स्वस्त आहे आणि सरकारी दवाखान्यांत मोफत मिळते. तिच्यासाठी पाळी चुकण्याची वाट पाहू नये.